श्रद्धा साचते तेव्हा

ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेविषयी मराठीत लिहावे, याचे गोव्यात अजूनही थोडे नवल वाटते. माझ्या बाबतीत कारण साधे आहे. गावातली शाळा मराठी होती, पुढे बी.ए.लाही मराठीच घेतली. त्यामुळे प्रार्थना कोंकणीत आणि वाचन मराठीत, अशी माझी वाटणी लहानपणापासूनच झालेली. आजचा विषय प्रार्थनेचाच आहे. ती साचते तेव्हा माणसाने काय करावे?

'साचणे' हा शब्द मुद्दाम वापरला. श्रद्धा उडाली तर निदान कळते तरी. माणूस वाद घालतो, इगर्जीत जायचे सोडतो, चार लोक बोलतात. साचलेल्या श्रद्धेचे तसे नसते. बाहेरून सगळे चालू असते. आयताराचे मीस चुकत नाही, संध्याकाळी घरात तेर्स होतो, फेस्ताआधीच्या नोव्हेनांना नऊही दिवस हजेरी असते. आत मात्र काही हलत नाही. मी सरकारी कारकून. माझ्या भाषेत सांगायचे तर आउटवर्ड रजिस्टरात रोज नोंद पडते आणि इनवर्ड रजिस्टर कोरेच राहते. हे चार-पाच वर्षे चालले. कुठला आघात झाला नव्हता, कोणा पाद्रीशी भांडण नव्हते. नुसते कोरडेपण.

घरात हे कधी बोललो नव्हतो, पण मुलांना कळतेच. थोरली तेव्हा अकरावीत होती. एका आयतारी मिसाहून परतताना तिने विचारले, "पप्पा, तुका कांयच भोगना जाल्यार तूं मिसाक कित्याक वता?" तिच्या स्वरात उर्मटपणा नव्हता, खरा प्रश्न होता. आणि तिने पुढे इगर्जीत यायचे की नाही, हे बहुधा माझ्या उत्तरावर ठरणार होते. मी म्हटले, "विचार करून सांगतो." फाईल पुढे ढकलावी तसे.

मग एका पाच दिवसांच्या रेतीरला जाऊन बसलो. आजूबाजूला लोक हात उंचावून गात होते, काही रडत होते. त्यांना जे मिळत होते ते खरेच मिळत होते, याविषयी मला शंका नाही. मला मिळाले ते वेगळे. तिथे एक वृद्ध जेझुइट पाद्री होता. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "इग्नेशियसचे नियम वाच. तो हे सगळे भोगून गेला आहे."

गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर ठाऊक नाही असा माणूस नाही. १५४२च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला. इग्नेशियस लोयोला हा त्याचा गुरुबंधू म्हणा, गुरू म्हणा. मुळात सैनिकी पेशाचा माणूस. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्याचे आयुष्य बदलले. पण पुढे मान्रेसा गावी राहत असताना त्याला इतके काळोखाचे दिवस आले की जीव द्यावासा वाटला. त्या अनुभवातून त्याने जे टिपून ठेवले, ते 'आध्यात्मिक साधना' या नावाने ओळखले जाते. त्यात कोरडेपणाविषयी काही नियम आहेत.

पहिली गोष्ट, काळोखात असताना आधीचा निश्चय बदलू नये. उजेडात जे ठरवले तेच धरून राहावे. दुसरी गोष्ट मला जास्त नवीन होती. निश्चय बदलायचा नाही, पण स्वतःला मात्र बदलायचे. मन नको म्हणत असेल तेव्हा प्रार्थना कमी न करता उलट थोडी वाढवायची. तासभर बसायचा नेम असेल तर तासाच्या वर जरासे बसायचे. तिसरी गोष्ट कारणांची. कोरडेपण कधी आपल्या आळसामुळे येते, कधी आपली पारख व्हावी म्हणून येते, आणि कधी एवढेच कळावे म्हणून येते की मनाची ओल ही आपली कमाई नसून देणगी आहे.

हे वाचताना मला आमच्या खाजनातली मानस आठवली. भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याचा दाब पडून तिची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने आपोआप उघडतात. भरती-ओहोटी शेतकऱ्याच्या हातात नसते. त्याचे काम एवढेच की दारात काटक्या-कचरा अडकू द्यायचा नाही आणि बांध शाबूत ठेवायचा. प्रार्थनेत माणसाचे काम याहून फार मोठे नसावे.

पण मग जैसे थे राहणे म्हणजेच निष्ठा का? इथे मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून ख्रिस्ताकडे आलेला हा कवी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, वीसएक वर्षे मिशनचे काम केले आणि १९१७ साली, पंचावन्नीच्या आसपास, मिशनची पगाराची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९मध्ये ते वारले. वरवर पाहता हे इग्नेशियसच्या नियमाविरुद्ध वाटेल. मला तसे वाटत नाही. कंटाळून सोडणारा माणूस ओझे उतरवतो. टिळकांनी ते वाढवून घेतले. पुढे जाणे आणि पळून जाणे यांतला फरक ओळखायची ही मला सोपी खूण वाटते.

मी काही टिळक नव्हे. नोकरी सोडायची छाती नाही, घराचे हप्ते आहेत. मी दोनच गोष्टी वाढवल्या. तेर्सानंतर दहा मिनिटे फादर थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'तल्या काही ओव्या मोठ्याने वाचू लागलो. १६१६ साली राशोलला छापलेले हे पुराण मी परीक्षेपुरते वाचले होते. नवख्रिस्ती लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी द्या म्हणून मागितले, तेव्हा या इंग्रज पाद्रीने ते इथल्या भाषेत, ओवीत लिहिले. माझी प्रार्थना आणि माझे वाचन त्यामुळे प्रथमच एका जागी आले.

दुसरी गोष्ट म्हणजे, दर शनिवारी संध्याकाळी तासभर आमच्या कपेलच्या सोप्यावर बसू लागलो. कारकुनाला येते ते काम, फॉर्म भरणे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद, बँकेची पत्रे, हयातीचे दाखले. ख्रिस्ती येतात, हिंदूही येतात. एकदा एका म्हातारीचा फॉर्म भरून दिला. उठताना ती म्हणाली, "देव बरें करूं." हे शब्द गोव्यात आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. त्या दिवशी ते मला प्रार्थनेसारखे ऐकू आले. कोणीतरी माझ्यासाठी देवाकडे मागत होते. कित्येक वर्षांनी इनवर्डला एक नोंद पडली.

त्यानंतर सगळे ओलेचिंब झाले, असे नाही. मदर तेरेझांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळले की त्या बाईने जवळजवळ अर्धशतक आतल्या काळोखात काढले आणि तरी रोज पहाटे उठून प्रार्थना केली, रोग्यांची सेवा केली. मग आपल्यासारख्यांनी कुरकुर कशाला करायची?

मुलीला शेवटी उत्तर दिले. म्हटले, पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यात तुम्हाला कसे वाटते हे कोणी विचारत नाही. तुम्ही हयात आहात का, एवढेच पाहतात. याकोबाच्या पत्रातही श्रद्धेची कसोटी भावना नसून कृतीच आहे. माझे मीस हा माझा दाखला. ती हसली. आता ती काही आयतारी येते, काही आयतारी येत नाही. पण शनिवारी सोप्यावर इंग्रजी पत्रे वाचून दाखवायला मात्र न चुकता येते. मी तिला मिसाविषयी काही विचारत नाही.

तुमच्यापैकी कोणाची पूजा, कोणाचे नामस्मरण असेच साचले असेल. धर्म वेगळा असला तरी कोरडेपण सारखेच असते. जमल्यास नेम मोडू नका, त्यात एखादे छोटे काम तेवढे वाढवा. बाकी भरती-ओहोटी आपल्या हातात नाही.