आजोबांचा बाजा

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीच्या घराचा माळा साफ करताना जुन्या सतरंजीखाली एक काळी पेटी सापडली. झाकण उघडलं, तर आत एचएमव्हीचा तो ओळखीचा कुत्रा! आजोबांचा चावीचा बाजा. आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या इंतकालनंतर अब्बांनी बाजा माळ्यावर टाकला. घरात गाणं-बजावणं अब्बांना पसंत नाही. पण त्यांनी तो विकलाही नाही.

पेटी १०२ नंबरच्या मॉडेलची निघाली. हे मॉडेल १९३१ साली आलं. वीज नको, बॅटरी नको. चावी फिरवली की पोटातली पोलादी स्प्रिंग आवळते आणि सुटताना तबकडी फिरवते, मिनिटाला ७८ फेरे. सुईची थरथर साउंडबॉक्सच्या पातळ पडद्यावर जाते आणि पेटीतच दडवलेल्या कर्ण्यातून आवाज बाहेर येतो.

आपल्या कोकणातल्या दमट हवेत आतलं वंगण गोंदासारखं घट्ट झालं होतं. मुंबईच्या चोर बाजारातल्या एका मिस्त्रींनी ते साफ करून दिलं, सुयांची डबी दिली आणि बजावलं, "मास्तर, एक बाजू, एक सुई. विसरू नका."

तबकड्या तीनच शाबूत होत्या. त्यातली एक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची. जन्म उत्तरेत कैरान्याचा, मुक्काम मिरजेचा. १९३७ साली वारले, ते मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच दफन आहेत. तबकडीवर 'मानापमान' नाटकातलं मराठी पद. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी काय हवं? तीनेक मिनिटांची ती बाजू मी त्या रात्री सात-आठ वेळा ऐकली. एकाच सुईवर.

सकाळी पाहिलं, तर काळ्या तबकडीवर राखाडी पट्टा उमटलेला. खाँसाहेबांच्या आवाजात खरखर भरली होती.

कारण नंतर वाचलं. लाखेच्या या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. पोलादी सुई तिच्यावर घासून खोबणीच्या मापाची व्हावी, झिजायचं ते सुईने झिजावं, अशी ती योजना. पण बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकाला धार येते. पुन्हा तीच लावली, तर ती खोबणी कापत जाते. सुईची काटकसर केली आणि आजोबांची तबकडी माझ्याच हातांनी खरवडली.

अब्बांना सांगायची हिंमत होईना. शेवटी जुम्म्याच्या नमाजनंतर सांगून टाकलं. ते म्हणाले, "रात्री जागाच होतो मी. तिसऱ्या वेळेलाच आवाज फाटला होता."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा दर बाजूला सुई बदलायचे. नवी सुई त्यांच्या हातात मी द्यायचो. चार-पाच वर्षांचा असेन."

उरलेल्या दोन तबकड्या आता कधीतरी लावतो. सुयांची डबी अब्बांकडे असते. मागितली की एकच सुई काढून देतात आणि तसबीह घेऊन पडवीत जाऊन बसतात. पडवीत सगळं ऐकू येतं, हे त्यांनाही माहीत आहे.