मागे-पुढे, शेजारी-शेजारी

दोन माणसांनी एकत्र राहण्याच्या तऱ्हा असंख्य असल्या, तरी त्यांची शरीरे एकमेकांच्या संदर्भात ज्या रीतीने उभी, बसलेली वा चालती असतात, त्या रीती मोजून तीनच आहेत: समोरासमोर, मागे-पुढे आणि शेजारी-शेजारी. घरातला संसार बव्हंशी समोरासमोरचा असतो. जेवणाचे टेबल, हिशेबाच्या वहीवर दोन बाजूंनी वाकलेली डोकी, संध्याकाळी दार उघडणारे माणूस आणि दारात थकून उभे असलेले माणूस, या साऱ्या मांडण्या त्याच जातीच्या. समोरासमोर असण्यात जिव्हाळा असतो तसा तपासही असतो, कारण बोलणाऱ्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा चेहराही वाचला जातो, आणि वाचून वाचून पाठ झालेल्या चेहऱ्यावर नवे काही उमटले आहे, हे ध्यानात यायला मात्र उशीर होतो. जोडप्याची सुट्टी म्हणजे या मांडणीतून काही आठवड्यांपुरती घेतलेली मोकळीक होय. आणि युरोपातली कित्येक जोडपी ही मोकळीक एकाच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडचा डोंगर व ग्रीसचा समुद्र अशी विभागून घेतात, त्यामागे हवापाण्यापलीकडचेही एक कारण दिसते.

मराठी वाचकाला 'उन्हाळी सुट्टी' या शब्दांनी आंबे, आजोळ आणि उन्हाची काहिली आठवते. म्हणूनच त्याच्या लेखी महाबळेश्वर किंवा माथेरान ही उन्हापासून पळण्याची ठिकाणे ठरतात. उत्तर युरोपातल्या माणसाचा उन्हाळा जुलै-ऑगस्टचा, आणि तो उन्हापासून नव्हे तर उन्हाकडे पळतो: डोंगरावर त्याला ऊन कोवळे मिळते, समुद्रावर भरपूर. या दुहेरी उन्हाळ्याचे एक ठळक उदाहरण विसाव्या शतकातल्या संगीताच्या इतिहासात सापडते. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन (१९१६–१९९९) आणि त्यांची पत्नी डायना गूल्ड यांचा विवाह १९४७ साली झाला. डायना बॅलेनर्तकी होत्या, म्हणजे पावलांच्या बोटांवर तोल सांभाळणाऱ्या युरोपीय शास्त्रीय नृत्यात तयार झालेल्या. लहानपणापासून जगभर मैफिली करत फिरणाऱ्या मेनुहिन यांना आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या डायनांना पुढे दोन विसावे लाभले, एक स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड येथे आणि दुसरा ग्रीसच्या मिकोनोस बेटावर.

ग्श्टाड हे बर्न प्रांतातल्या सानेनलँड या दरीतले, समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटर उंचीवरचे गाव. दुधासाठी नावाजलेली, शेळीपालन करणाऱ्यांना ठाऊक असलेली पांढरीशुभ्र सानेन शेळी इथलीच, आणि मराठी आडनाव वाटावे अशा नावाची साने नदी याच दरीतून वाहते. 'आल्प' या शब्दाने बाहेरच्या माणसाला बर्फाचे शिखर दिसते; स्थानिक बोलीत मात्र आल्प म्हणजे झाडांच्या रेषेच्या आसपासचे उन्हाळी कुरण. जूनच्या सुमारास गाई गळ्यात घंटा बांधून या कुरणांवर चढतात, त्यांच्या दुधाचे चीज वरच्या वरच बनते, आणि सप्टेंबरात फुलांनी सजवलेल्या शिंगांनिशी त्या खाली उतरतात. थोडक्यात, उन्हाळ्यात वर जाण्याची चाल या प्रदेशात पर्यटकांच्या पुष्कळ आधी गुरांनी पाडली, आणि आजचा सहलीचा माणूस ज्या वाटांनी चढतो, त्यांतल्या पुष्कळशा खुरांनी मळलेल्या आहेत.

या वाटांवरचा पिवळा फलक क्षणभर थांबून पाहण्याजोगा असतो. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचे जाळे ६५,००० किलोमीटरच्या आसपास असून १९७९ च्या सार्वमताने त्यांच्या जपणुकीची तरतूद थेट राज्यघटनेत झाली. बाणाच्या टोकाचा, काळ्या अक्षरांचा हा फलक पुढच्या ठिकाणाचे नाव देतो, पण अंतर देत नाही. देतो तो वेळ. अमुक कुरण दीड तास, तमुक खिंड तीन तास वीस मिनिटे. सपाटीवर ताशी चार किलोमीटरहून थोडे अधिक चालणारा माणूस प्रमाण धरून, चढउतार हिशेबात घेऊन हा वेळ काढलेला असतो. मैलाचा दगड भूमीविषयी बोलतो, हा फलक चालणाऱ्याविषयी बोलतो. मात्र त्याने गृहीत धरलेला चालणारा एकटा असतो.

जोडपे फलकापाशी पोहोचते तेव्हा अडचण सुरू होते, कारण दोन माणसांची चाल सहसा एक नसते. गावातल्या रुंद रस्त्यावर हा फरक झाकला जातो. कड्याच्या अंगाने गेलेल्या हातभर वाटेवर तो उघडा पडतो. तिथे शेजारी चालता येत नाही, एकाने पुढे व्हावे लागते आणि दुसऱ्याने मागे. पुढच्याला वाट दिसते पण सोबती दिसत नाही, मागच्याला सोबत्याची पाठ व टाचा दिसतात पण वाट दिसत नाही. अशा चालण्यात बोलणे तुटक होते: निसटता दगड, ओली मुळी, पाणी हवे का. तरीही कित्येकदा घरात वर्षभर न निघालेला विषय याच वाटेवर निघतो, कारण शब्द पाठीला उद्देशून बोलला जातो आणि उत्तर समोरच्या दरीला उद्देशून दिले जाते. कोणाचा चेहरा कोणी वाचत नसतो. मागच्याचा श्वास ऐकून पुढच्याने आपले पाऊल आपसूक आखडते घेणे, ही डोंगराने शिकवलेली दाम्पत्याची पहिली रीत होय.

मात्र डोंगराचा स्वभाव काम सांगण्याचा आहे. चढणे हेच काम, आणि चढून गेलेल्याला आणखी एक शिखर दिसते. मेनुहिन यांचेही तसेच झाले. सानेनच्या, पंधराव्या शतकातल्या सेंट मॉरिशसच्या चर्चमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये त्यांनी संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स आणि चेलोवादक मोरिस जॉन्द्रो यांच्यासह मैफिली केल्या, आणि त्या दोन संध्याकाळींतून दरवर्षीचा संगीत महोत्सव उभा राहिला. १९७७ मध्ये तरुण वादकांसाठी त्यांनी तिथेच अकादमी काढली. विसाव्यासाठी निवडलेल्या दरीत अशा रीतीने तालमी, पाहुणे आणि वेळापत्रके आली. वादक व्यासपीठावर आणि पत्नी श्रोत्यांत, ही पुन्हा समोरासमोरचीच मांडणी.

विसावा ही मेनुहिन यांच्यासाठी सहज गोष्ट नव्हतीच. १९५२ च्या भारतभेटीत मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. आयंगारांशी त्यांची गाठ पडली, तेव्हा शरीर सैल सोडणेच जमत नसलेल्या या थकलेल्या वादकाला आयंगारांनी आधी आडवे केले, आणि त्याला तिथल्या तिथे गाढ झोप लागली, असे सांगतात. शवासन हे दिसायला सर्वांत सोपे आणि करायला कठीण आसन मानतात, कारण त्यात शरीराने काहीही न करणे हेच करायचे असते. मेनुहिन यांच्या निमंत्रणावरून १९५४ मध्ये आयंगार स्वित्झर्लंडला गेले, आणि त्यांचे पाश्चात्त्य जगातले अध्यापन तिथून वाढत गेले. डोंगराच्या कुशीत जे शिकावे लागले, ते समुद्र मात्र न शिकवता करवून घेतो.

ग्श्टाडचे पाणी सानेतून आरे नदीत, तिथून ऱ्हाइनमध्ये आणि अखेर थंड उत्तर समुद्रात जाते. सुट्टीचे जोडपे त्या पाण्याकडे पाठ करून दक्षिणेला निघते. मिकोनोस हे एजियन समुद्रातल्या किक्लादीस द्वीपसमूहातले बेट. किक्लादीस हे नाव ग्रीक 'किक्लॉस' म्हणजे वर्तुळ यावरून आलेले, आणि 'किक्लॉस' हा संस्कृत 'चक्र' शब्दाचा सख्खा भाऊ. चक्राच्या मध्यभागी अपोलो या संगीतदेवतेचे जन्मस्थान मानलेले देलोस बेट आहे, मिकोनोसहून होडीने जेमतेम अर्ध्या तासावर. पावित्र्य राखण्यासाठी अथेन्सकरांनी इ.स.पू. ४२६ मध्ये असा नियम केला की देलोसवर कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये. आसन्नप्रसवा स्त्रीला आणि मरणोन्मुख माणसाला शेजारच्या बेटावर नेले जाई. उगम आणि अंत दोन्ही वगळलेली, फक्त मधले असणे शिल्लक ठेवणारी ती भूमी सुट्टीच्या कल्पनेला विलक्षण जवळची आहे.

मिकोनोसच्या गल्ल्या बोळांइतक्या अरुंद, आणि त्यांच्या फरशांमधल्या सांध्यांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळे पायाखाली एखादे मोठे जाळे पसरल्यासारखे वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटतो. प्राचीन ग्रीक त्याला 'दरसालचा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत, आणि बेटावरच्या पवनचक्क्या असल्याच वाऱ्यावर धान्य दळत. दुपार झाली की 'मेसिमेरी', म्हणजे मध्यान्हीच्या निजेची वेळ सुरू होते, दारे लोटली जातात आणि आवाज करणे असभ्य ठरते. वामकुक्षीचे आणि एक ते चार बंद असलेल्या दुकानाचे माहात्म्य जाणणाऱ्या पुणेकराला हे समजावून सांगावे लागू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मात्र इथे एक उणीव जाणवेल. एजियनला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. रत्नागिरीचा किंवा गुहागरचा समुद्र दिवसातून दोनदा पुढे येतो, दोनदा मागे जातो, पुळणीवरच्या माणसाला उठवतो, हलवतो. इथला समुद्र सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी असतो. फलक नाही, तास नाहीत, पोहोचण्याचे ठिकाण नाही. जोडपे वाळूवर शेजारी-शेजारी पडते, दोघांचे डोळे एकाच क्षितिजाकडे लागतात, आणि दोघांपैकी कोणी पुढे नसते की मागे नसते. संभाषणाचे तुकडे इथेही तुटकच, पण ते धापेने तुटलेले नसतात. पुढचे वाक्य बोलण्याची निकड उरलेली नसते, इतकेच.

मराठी विवाहविधीने या तिन्ही मांडण्या एकाच दिवसात बसवल्या आहेत. अंतरपाट दूर होतो तेव्हा वधूवर समोरासमोर असतात, विवाहहोमात अग्नीला प्रदक्षिणा घालताना एकामागून एक चालतात, आणि गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला पाटांवर शेजारी-शेजारी बसतात. पुढचा संसार पहिल्या मांडणीतच फार रमतो. उरलेल्या दोन मग उन्हाळ्यात शोधाव्या लागतात, कोणाला आल्पच्या वाटेवर नि एजियनच्या वाळूत, कोणाला सिंहगडाच्या चढणीवर नि हर्णैच्या किनाऱ्यावर.

राहता राहिला तो पिवळा फलक. त्यावरचे तास-मिनिटे काटेकोर असतात, पण वाटेत टेकायला, पाणी प्यायला, कुरणातली घंटा ऐकत बसायला लागणारा वेळ त्यांत धरलेला नसतो, हे स्विस वाटाड्या नवख्याला आधीच सांगून ठेवतो. तीन तास वीस मिनिटांची खिंड जोडपे पाच तासांनी गाठते, ते त्यामुळेच. फलकाने सोडून दिलेले हे दीड-दोन तासच पुढे एजियनच्या काठी सबंध दिवस होऊन पसरलेले असतात.