फितीतला तुटलेला भाग

दसरा झाला की आमच्या धारूर-केज भागातली घरे कुलपे लावून ऊसतोडीला निघायची. आजही निघतात. आम्ही भावंडे आईबाबांबरोबर फडावर जात असू. कोप्यांवर वीज नसे, पण मुकादमाच्या उचलीतून बाबांनी घेतलेला चार सेलांचा टेप होता. कॅसेट एकच, माता रमाईच्या जीवनावरची.

आपल्या समाजात गाण्यांची वाण कधीच नव्हती. कालकथित वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज तर घराघरांत होते. पण सुटे गाणे टाळ्या घेते. कथा सांगत जाणारी कॅसेट माणसे धरून ठेवते. पेटी, ढोलकी, झांज एवढाच साज. गाण्यागाण्यांच्या मधे निवेदक बोले. वणंदची रमी, १९०६ सालचे लग्न, बाबासाहेब लंडनला, इकडे परळच्या चाळीत शेणाच्या गोवऱ्या. पहिली बाजू संपली की कॅसेट उलटायची कोण घाई! गोष्ट साऱ्यांना पाठ, तरी शेजारच्या कोपीतल्या बाया ताट हातात घेऊन येऊन बसत.

एका हंगामात टेपने फीत खाल्ली. पेन्सिलीने गुंडाळली, टोके चिकटवली, पण मधला तुकडा गेला. नेमका राजरत्नाच्या मृत्यूचा, १९२६ सालचा. तिथे गाणे मधेच तुटे. मग आई टेप बंद करी आणि तेवढे स्वतः सांगे. रमाईची पाच लेकरे, चार गेली, एकटा यशवंत राहिला. सांगताना भाकरी थापणारे तिचे हात थांबत. आमची एक बहीण फडावरच तापाने गेली होती. आई तिचे नाव कधी घेत नसे. लेकराचे अंग कसे भाजत होते, कपाळावर ओले फडके कसे ठेवले, हे मात्र ती रमाईच्या गोष्टीत इतके बारीक सांगे, की ते कॅसेटमध्ये कधी नव्हतेच हे आम्हांला फार उशिरा उमगले.

परवा धाकट्याने तीच कॅसेट मोबाईलवर शोधून लावली. अख्खी, कुठेही न तुटलेली. आईने राजरत्नाचा भाग डोळे मिटून ऐकला. संपल्यावर म्हणाली, "लई थोडक्यात उरकलंय रं." मग मोबाईल बंद करायला लावला आणि नातीला जवळ घेऊन सांगायला बसली.