जोतिबाची वाट आणि गाडीची पायरी

मैत्रिणींनो, कोल्हापूरहून जोतिबाचा डोंगर जेमतेम १७-१८ किलोमीटर. पण गेल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "गुडघे दुखतात, तुम्ही या जाऊन." खरं कारण वेगळंच होतं. देवळाच्या पायऱ्या त्या सावकाश चढतात. पण आमची पिकअप गाडी उंच! नऊवारी सावरत चढायचं म्हणजे चारचौघांत कुणीतरी हाताला धरून ओढायचं, याचा त्यांना संकोच.

म्हणून यंदा ह्यांच्याबरोबर मीच शिवाजी उद्यमनगरात गेले. लेथची घरघर, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि त्यात मी एकटीच बाईमाणूस! दुकानातल्या चकचकीत गोल नळीच्या पायऱ्या ह्यांना आवडल्या. मी म्हटलं, "पावसात ओली चप्पल यावरून सटकणार." मग उंचवट्याच्या खरखरीत पत्र्याची, अख्खं पाऊल मावेल अशी रुंद पायरी घेतली.

तुम्हीही घेणार असाल तर एवढं पाहा : पायरी दाराखालच्या पत्र्याला नव्हे, गाडीच्या चासीला नट-बोल्टनं बसवायला सांगा. जमीन ते पायरी आणि पायरी ते गाडीचा तळ, दोन्ही अंतरं साधारण सारखी हवीत. घरातल्या वजनदार माणसाला वर उभं करून बघा. (आमच्याकडे हे काम ह्यांनी केलं!) आठ-दहा दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

परवा जोतिबाहून परतताना गुलालानं माखलेल्या सासूबाई सर्वांआधी गाडीत चढल्या. वरून मलाच म्हणतात कशा, "ये गं, हात देऊ का?"