माती की सोनं?

परवा मालवणला पडवीत परत तोच वाद. विनोद कांबळी! काका म्हणाले, "हातात सोना होता, माती केल्यान." आचरेकर सर मूळचे मालवणचे, त्यामुळे त्यांच्या चेल्यावर काकांचा राग अंमळ जास्तच.

मला मात्र १९९३ आठवतं. वानखेडेवर २२४, पुढच्याच कसोटीत दिल्लीला २२७. एकूण १७ कसोट्या, सरासरी ५४... आणि चोविशीच्या आत कसोटी कारकीर्द खलास! त्याचं वागणं नडलं हे मान्य, पण संधीही कमीच मिळाली ना?

शेवटी व्हिडिओ लावला. डिसेंबर २०२४, शिवाजी पार्क, सरांच्या स्मारकाचा कार्यक्रम. थकलेला कांबळी सचिनचा हात धरतो, सोडतच नाही. काका चष्मा पुसत म्हणाले, "परत लाव रे."