माणदेशातलं माझं माहेर

‘तुमचं माहेर कुठलं?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘आटपाडी’ म्हटलं, की सांगलीतल्या बायका हमखास हळहळतात. ‘अगंबाई! म्हणजे अगदी वाळवंटच की!’ मी कधी वाद घालत नाही. आमचा माणदेश म्हणजे काही राजस्थान नव्हे, पण सह्याद्रीवर आदळून ढग मोकळे झाले की आमच्यापर्यंत उरतं तरी काय? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे वर्षाकाठी पाचशेही पुरते पडत नाहीत. म्हणून आमच्याकडे शेतीपेक्षा जनावरांवर भिस्त. मेंढरं, शेळ्या आणि खिल्लार गुरं.

सांगलीहून एस.टी.त बसावं. विटा, खानापूर मागे पडलं की भिवघाट येतो. तिथून पुढे ऊस दिसेनासा होतो आणि उघडे माळ, बाभळी नि खुरट्या बोरी सुरू होतात. मध्येच घोंगडी पांघरलेला एखादा धनगर मेंढरांमागे चाललेला दिसतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली असेल, त्यांना हा मुलूख ओळखीचा वाटेल. माडगूळ हे गाव आमच्याच तालुक्यातलं. पूर्वी हा सगळा भाग औंध संस्थानात होता. संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांसाठी बिनभिंतीची वसाहत काढली, ती स्वतंत्रपूर. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. बाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला मोठ्या अभिमानाने हे सांगतो!

पण माझ्या आठवणीतली आटपाडी म्हणजे बाजार. शनिवारी पहाटेपासून मेंढ्या-बकऱ्यांचा कालवा. कार्तिकी पौर्णिमेला उत्तरेश्वराची जत्रा. आणि पौष महिन्यात जवळच्या खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा. तिथला खिल्लार जनावरांचा बाजार बघायला लांबलांबून माणसं यायची. पांढरीशुभ्र, अंगाने बांधेसूद, मागे वळलेल्या लांब शिंगांची जनावरं ओळीने उभी असायची. शिंगांना तेल चोळलेलं, गळ्यात घुंगरांच्या माळा. विकणारा आणि घेणारा पंचाखाली हात घालून बोटांनीच भाव ठरवायचे. आम्हा पोरींना त्याचं फार कोडं वाटायचं.

आमच्या घरी तात्यांच्या, म्हणजे आजोबांच्या वेळेपासून खिल्लार गाई. ही गाय दुधासाठी कुणी पाळत नाही. वासराचं पोट भरून वेळेला दोन-तीन लिटर मिळालं तरी पुष्कळ. तिची किंमत तिच्या खोंडांवरून. खोंड मोठा झाला, औताला-गाडीला चालू लागला, की त्याच्या पैशातून घरातलं लग्न नाहीतर विहिरीचं खोदकाम निघायचं. शेण काढणं, वैरण-पाणी, गाभण गाईची राखण हे सगळं बायकांनी करायचं. बाजारात जनावर न्यायचं मात्र पुरुषांनी.

त्यातही आज्जीचा एक नेम होता. जनावर विकून तात्या परतले, की दावं घरी आलंच पाहिजे. ते ती गोठ्यातल्या खुंटीला अडकवायची. म्हणायची, ‘पोरी, जनावर इकावं लागतं. दावं इकायचं नसतं. दावं गेलं की गोठा मोडला.’

१९७२ च्या दुष्काळात त्या खुंटीवर एकाच महिन्यात चार दावी आली. वैरण नव्हती, भाव नव्हता, मिळेल त्या पैशात गुरं गेली. आज्जी खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची. तिथे मिळणाऱ्या सुकडीतली अर्धी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीची चव तिला मरेपर्यंत आठवत होती. ‘थापली की तुटायची, खाल्ली की टोचायची,’ असं सांगायची. त्यानंतर माझे धाकटे चुलते सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात तमिळनाडूला गेले. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली किती घरं अशी गलाईच्या भट्टीपाशी देशभर पांगली आहेत! शिमग्याला आणि जत्रेला तेवढी परत येतात. चुलत्यांच्या मुलांना आता मराठीपेक्षा तमिळ बरी येते.

दुष्काळाची माझी स्वतःची आठवण २००३ ची. मी तेव्हा सातवीत होते. सरकारने चारा-छावण्या उघडल्या आणि आई दोन गाई आणि एक कालवड घेऊन छावणीवर राहायला गेली. वर ताडपत्री, खाली माती. उन्हाळाभर तीच तिची खोली. शाळा सुटली की मी भाकरी घेऊन जायची. जनावर आपलं नाव ओळखतं हे मी तिथे पाहिलं. रांगेत शेकडो गुरं असत, पण आईने हाक मारली की आमचीच कालवड मान वर करायची. एका रात्री ती आजारी पडली, तेव्हा आईने तिला हुलग्याचं माडगं पाजून पहाटेपर्यंत जागवलं. कालवड जगली. आज्जी एवढंच म्हणाली, ‘आता ही तुझी.’

माडग्याचं नाव काढलंच आहे, तर कृतीही सांगते. हुलगे खमंग भाजून दळून ठेवावेत. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवून उकळत्या पाण्यात सोडावं. गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ घालून सारखं ढवळावं. थंडीत, सर्दी-पडशात घरातल्या माणसांना गरम गरम द्यावं. आमच्याकडे बैलांनाही हुलगे आणि माणसांनाही हुलगे!

लग्न होऊन मी कृष्णाकाठी आले. २०१९ च्या उन्हाळ्यात माहेरी पुन्हा चारा-छावण्या होत्या आणि ऑगस्टमध्ये सासरी पुराचं पाणी दारात. फोनवर आई म्हणाली, ‘त्यातलं थोडं इकडं पाठीव गं.’ आम्ही दोघी हसलो, पण खरं तर कृष्णेचं पाणी तोवर आटपाडीच्या वाटेला लागलं होतं. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी चळवळीत माणदेशातल्या बायका वर्षानुवर्षे मोर्चांना गेल्या, त्यात आमची आज्जीही होती. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने ते आमच्या माळावर चढवलं आहे. आज्जीला काही ते बघायला मिळालं नाही.

आता आमच्या रानात डाळिंबाची बाग आहे. भावाने ट्रॅक्टर घेतला. औताचं काम संपलं. त्यात २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आली आणि खोंडांचा भाव बसला. बाबांनी राहिलेली जोडी त्या वर्षी विकली. दुष्काळात जे झालं नाही ते पाणी आल्यावर झालं. गोठ्यात एकच गाय उरली, छावणीवरच्या त्या कालवडीच्या वंशातली.

गेल्या दिवाळीत भावाने विषय काढला. गोठा पाडून तिथे डाळिंबाच्या क्रेटसाठी शेड बांधायची, गाय विकायची. त्याचंही चूक नाही. बागेचं कर्ज आहे, पोरांची शिक्षणं आहेत. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, कारण जनावराचा निर्णय आमच्याकडे पुरुषच घेतात. बाबांनी मात्र आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, ‘गाय माझी हाय. आत्तींनी मला दिलीया. शेड तिकडं विहिरीपाशी बांधा.’ चाळीस वर्षांच्या संसारात तिने ‘माझी’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. भाऊ गप्प बसला. चार दिवसांनी विहिरीपाशी शेडची आखणी केली.

२०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, २०२३ साली ती कायम झाली, आणि खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. आईची गाय आता गाभण आहे. भावाला खोंड हवाय, शर्यतवाले पैसे मोजतील म्हणून. आईला कालवड हवी आहे. माझ्या धाकटीने आजीचा पक्ष घेतला आहे, आणि मे महिन्यात गाय व्यायच्या वेळी आपण आटपाडीलाच असायचं, असं तिने मला आतापासूनच बजावून ठेवलं आहे.