न सांगता काढलेला फोटो : चांगला कशाला म्हणायचं?



शाळेच्या फलकासाठी फोटो निवडताना आपण काय बघतो? फोटो स्पष्ट आलाय का, रंग छान आहेत का. पण पोझ न घेता, माणूस आपल्याच नादात असताना टिपलेल्या फोटोला, म्हणजे कॅन्डिड फोटोला, एवढी कसोटी पुरत नाही. मग कुठली लावायची?

उत्तर आपल्या विदर्भातच आहे. नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमात कनू गांधी नावाचा तरुण कार्यालयाचं काम बघायचा. नात्याने तो गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांत त्याने रोलीफ्लेक्स कॅमेरा घेतला आणि १९३८ ते १९४८ या काळात गांधीजींचे फोटो काढले. गांधीजींच्या अटी तीन : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम यासाठी पैसे देणार नाही.

बघा, या अटींनीच त्याची कला घडवली! फ्लॅश नाही, म्हणजे दारा-खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच भागवायचं. पोझ नाही, म्हणजे योग्य क्षणाची वाट बघायची. हा कॅमेरा कमरेजवळ धरून वरून खाली बघायचं असतं, त्यामुळे फोटो काढणाऱ्याचा चेहराही झाकला जात नाही.

१९४० मधला त्याचा एक फोटो वर्गात जरूर दाखवा. सत्तरी गाठलेले गांधीजी सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. मुलांना विचारा, "इथे महात्मा दिसतो का?" मुलांना दिसतो तो वाकून, डोळा लावून शिकणारा एक म्हातारा माणूस. मग कुष्ठरोगाचा विषय निघतो, आश्रमात राहिलेल्या परचुरे शास्त्रींची गांधीजींनी केलेली शुश्रूषा निघते. एका फोटोतून इतिहास, विज्ञान आणि माणुसकी, तिन्ही तास होतात.

मात्र याच कनूला एक क्षण टिपू दिला गेला नाही. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या मांडीवर कस्तुरबांचे प्राण जात होते. तिथे गांधीजींनी फोटोला नाही म्हटलं.

हे सगळं सांगून मी आठवीच्या मुलांना काम दिलं : 'आपल्या रामदासपेठेतल्या काम करणाऱ्या एका माणसाचा फोटो, पोझशिवाय.' एका मुलाने एका दवाखान्याबाहेरच्या चौकीदाराचा फोटो आणला. खुर्चीतच झोप लागलेली, चपला बाजूला काढलेल्या, चेहऱ्यावर सकाळचं तिरपं ऊन. खरं सांगते, सगळ्यांत सुंदर फोटो तोच होता. रात्रपाळीचा सगळा शीण त्या चेहऱ्यावर होता.

मी म्हटलं, "फोटो भारीच आहे रे. पण यांच्या साहेबांनी बघितला तर?"

पोरगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन स्वतःच त्या काकांकडे गेला. काका हसले आणि म्हणाले, "हा नको लावू बाबू, नोकरी जाईन माही. मी रजिस्टर लिहितो तवा काढ."

मग तो तिथेच थांबला. काका त्याला विसरून लिहायला लागल्यावर त्याने दुसरा फोटो काढला. उजेड बेताचा, हात थोडा पुसट. पण जाड चष्म्यातून एकेक अक्षर जपून लिहिणारा माणूस त्यात दिसतो. आम्ही फलकावर तोच लावला. पहिल्याची सर त्याला नाही, हे त्या मुलालाही कळतं आणि मलाही. तरीही निवड बरोबर होती, असंच मला वाटतं.

तेव्हा फोटो जोखताना मुलांसमोर हे चार प्रश्न ठेवा :

१. उजेड आणि मांडणी नजर कुठे नेतात?
२. या माणसाबद्दल आधी माहीत नसलेलं काय कळतं?
३. यातून वर्गात कोणता प्रश्न निघू शकतो?
४. हा फोटो चारचौघांत गेला तर त्या माणसाचं काय जाईल?

पहिला प्रश्न कलेचा, मधले दोन शिक्षणाचे. चौथ्याचं उत्तर समाधानकारक नसेल, तर पहिल्या तिन्हींचे पूर्ण गुण मिळूनही फोटो फलकावर लावायचा नाही.

आणि पालकहो, आपलं लेकरू झोपलेलं, रडतंय, रुसलंय, असे फोटो आपण नातेवाइकांच्या ग्रुपवर सहज टाकतो, हो ना? पुढच्या वेळी त्यालाच विचारून बघा, "टाकू का रे?" ते 'नको' म्हणालं, तर ऐका. उद्या ते दुसऱ्याचा फोटो काढताना असंच विचारेल.